विश्लेषण : दारू सुटल्यानंतरची सोबत कुठे मिळते? जवळचा आधारगट कसा शोधावा?

श्रावण पाळणारे अनेक जण महिनाभर दारूला शिवत नाहीत आणि ‘मनात आणलं तर मी कधीही सोडू शकतो’ याचा पुरावा म्हणून तोच महिना दाखवतात. श्रावण संपल्यावर पहिल्या संध्याकाळी काय होते, यावर मात्र घरात सहसा कोणी बोलत नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून महिनाभराने घरी परतणाऱ्याचेही तेच असते. केंद्राच्या चार भिंतींत दारू सुटते. कसोटी लागते ती घरी परतल्यावर. या टप्प्यावर ज्यांनी दारू सोडली आहे अशा इतरांचा गट सर्वाधिक उपयोगी पडतो. तो असतो कसा, सापडतो कुठे आणि कोणापासून सावध राहायचे, याचा आढावा.

प्रश्न किती मोठा आहे?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’मार्फत करून घेतलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यांपैकी ५.७ कोटी लोकांचे पिणे घातक पातळीवर गेले आहे किंवा ते दारूवर अवलंबून आहेत. यातील २.९ कोटी लोक पूर्णपणे दारूवर अवलंबून आहेत. म्हणजे दारू मिळाली नाही तर त्यांचे शरीरच बंड करते. याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत किंवा उपचार मिळाल्याचे दिसले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८० मध्ये एक एवढेच होते. त्याआधी बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही दारूच्या व्यसनाबाबत उपचारांतील तफावत ८६ टक्के असल्याचे नोंदवले गेले होते.

महाराष्ट्रात दारूवरील चर्चा बहुतेक वेळा महसूल आणि बंदी या दोन टोकांमध्ये फिरते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटींच्या वाढीव महसुलाचे गणित मांडले गेले. चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. दोन्ही वेळा राज्यभर वाद झाला. या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडतो. ज्याला आज, आपल्याच तालुक्यात, दारू सोडायची आहे त्याने सोमवारी सकाळी जायचे कुठे?

दारू सोडणे आणि सोडलेली राहणे यांत फरक काय?

शरीरातून दारूचा अंमल उतरवण्याचा वैद्यकीय टप्पा साधारण आठवडा-दहा दिवसांचा असतो. त्यानंतर हाताचा थरकाप थांबतो, झोप हळूहळू लागू लागते, भूक परत येते. घरच्यांना वाटते, माणूस बरा झाला. मेंदूला मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीतून बाहेर यायला कित्येक महिने लागतात. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, गावची जत्रा, निवडणुकीचा हंगाम, मयतीहून परतल्यावरची संध्याकाळ, एसटी स्टँडसमोरची नेहमीची पाटी, यांपैकी कशानेही ओढ जागी होते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत ती ओढ सर्वाधिक जोर धरते, असे व्यसनमुक्ती केंद्रांत आवर्जून शिकवले जाते.

वैद्यकशास्त्र दारूच्या व्यसनाकडे मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखा दीर्घकालीन आजार म्हणून पाहते. मधुमेह्याला महिनाभर रुग्णालयात ठेवून ‘आता बरे झालात’ असे कोणी सांगत नाही. पथ्य, तपासणी आणि पाठपुरावा आयुष्यभर चालतो. व्यसनाच्या बाबतीत मात्र कुटुंबे कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून केंद्राचा महिना भरतात आणि त्यानंतरच्या अकरा महिन्यांचा विचार कोणीच केलेला नसतो. आधारगटाची गरज तिथेच भासते. तो उपचाराची जागा घेत नाही, उपचारातून मिळालेले टिकवून ठेवायला मदत करतो.

आधारगटाची कल्पना आली कुठून?

या कल्पनेचा जन्मच मुळी परक्या गावात आधार शोधणाऱ्या एका माणसामुळे झाला. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कमधील एक शेअर दलाल कामानिमित्त अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात होता. त्याने दारू सोडून काही महिनेच झाले होते. व्यवहार फसला आणि हॉटेलच्या बारमधला आवाज कानावर येऊ लागला. आपण पुन्हा पिणार, ही भीती दाटून आली तेव्हा त्याने हॉटेलमधूनच शहरातील चर्चना दूरध्वनी करायला सुरुवात केली. दारूशी झगडणारा एखादा माणूस भेटू शकेल का, एवढीच त्याची विचारणा होती. त्यातून त्याची गाठ एका स्थानिक शल्यविशारदाशी पडली, जो स्वतः दारूच्या आहारी गेला होता. दोघे तासन् तास बोलले. त्या डॉक्टरचा अखेरचा पेला १० जून १९३५ रोजीचा मानला जातो आणि तोच ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ म्हणजे ‘एए’चा स्थापना दिवस.

बिल डब्ल्यू. आणि डॉ. बॉब या अर्धवट नावांनीच हे दोघे ओळखले गेले. त्यांना उमगलेली गोष्ट साधी होती. दारुड्याला डॉक्टर, बायको, पुढारी आणि कीर्तनकार यांनी सांगितलेले पटत नाही, ते दुसऱ्या दारुड्याने सांगितले तर पटते. आणि सांगणाराही त्या सांगण्यामुळेच कोरडा राहतो. १९३९ मध्ये संघटनेचे मूळ पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यातून बारा पायऱ्यांचा कार्यक्रम जगभर गेला. आज सुमारे १८० देशांत या गटांच्या बैठका होतात.

महाराष्ट्रात अशा गटांची परंपरा काय?

भारतात ‘एए’ची सुरुवात १९५७ मध्ये झाली. मुंबईत तेव्हापासून गट आहेत आणि संघटनेचे भारतातील मध्यवर्ती कार्यालयही मुंबईतच आहे. शहरात चर्चच्या सभागृहांत, शाळांच्या वर्गांत संध्याकाळी या बैठका भरतात. मराठी, हिंदी, इंग्रजी, कोंकणी अशा वेगवेगळ्या भाषांतले गट आहेत. गोव्यातही बैठकांचे जाळे जुने आहे. चर्चच्या आवारात बैठक असली तरी गटाचा कोणत्याही धर्माशी संबंध नसतो. जागा स्वस्तात किंवा विनामूल्य मिळते, एवढेच त्याचे कारण.

दुसरा प्रवाह व्यसनमुक्ती केंद्रांचा. वांद्र्यात फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले आणि बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनांचा आधार घेतला. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळाने १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच समुपदेशक म्हणून उभे करणे आणि घरी गेलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करणे हे त्याचे वैशिष्ट्य राहिले. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकारातून ‘परिवर्तन’ हे केंद्र उभे राहिले.

मराठी समाजात याहून जुनी एक वाट आहे, ती माळेची. गळ्यात तुळशीची माळ घालून मांसाहार आणि दारू सोडणारे लाखो लोक आहेत. या वाटेचे बळ निव्वळ शपथेत नाही. माळ घातलेल्याला दिंडी मिळते, एकादशीचे भजन मिळते, ‘माउली’ म्हणून हाक मारणारी माणसे मिळतात. संध्याकाळी जायला जागा आणि आग्रह न करणारी सोबत, हीच तर आधारगटाचीही मूळ भांडवली रक्कम आहे.

बैठकीत नेमके होते काय?

पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनात सर्वाधिक धास्ती असते ती याचीच. प्रत्यक्षात चित्र फारच साधे असते. दहा-वीस खुर्च्या, चहा, एक सूत्रसंचालक आणि तास-दीड तासाचा वेळ. बोलणारा आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी असल्याचे सांगतो आणि आपला अनुभव मांडतो. मध्येच कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. नव्या माणसाने बोललेच पाहिजे असे बंधन नसते. ‘आज फक्त ऐकायला आलो आहे’ एवढे म्हटले तरी पुरते.

प्रवेश अर्ज नाही, आधार कार्ड नाही, शुल्क नाही. सदस्यत्वाची अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. शेवटी फिरणाऱ्या थैलीत ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे टाकायचे. बाहेरच्या देणग्या संघटना घेत नाही. बैठका दोन प्रकारच्या असतात. ‘बंद’ बैठक फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी, तर ‘खुल्या’ बैठकीला कुटुंबीय, विद्यार्थी, डॉक्टर कोणीही येऊ शकतात. काही आठवड्यांनी नवा सदस्य एखाद्या जुन्या सदस्याला ‘स्पॉन्सर’ होण्याची विनंती करतो. रात्री अकरा वाजता ओढ अनावर झाली तर ज्याला फोन करता येतो, असा हा माणूस. दारू सोडल्याला वर्ष झाले की गटात वाढदिवस साजरा होतो. घसरलेला माणूस परत आला तर त्याची हजेरी कोणी घेत नाही, खुर्ची पुढे सरकवतात.

ओळख उघड होण्याची भीती तालुक्याच्या गावी खरी असते. तिथे गुरुजी, पोस्टमन आणि दुकानदार एकमेकांना ओळखतात. अशा वेळी अनेक जण सुरुवातीला शेजारच्या शहरातील बैठकीला जातात. ‘इथे ऐकलेले इथेच ठेवायचे’ हा सर्व गटांचा नियम असतो. ओळखीचा चेहरा दिसलाच, तरी तोही त्याच कारणासाठी तिथे आलेला असतो.

गटाचा उपयोग होतो, याला पुरावा काय?

बराच काळ या प्रश्नाचे उत्तर संदिग्ध होते. वैद्यकीय संशोधनाचा चिकित्सक आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ने २००६ मध्ये ठोस निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले होते. २०२० मध्ये मात्र २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारित नवा आढावा आला. समुपदेशकाने रुग्णाला पद्धतशीरपणे ‘एए’शी जोडून दिले, तर वर्षभरानंतर पूर्णपणे दारूमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते, वर्तनोपचारासारख्या अन्य प्रस्थापित पद्धतींत ते सुमारे ३५ टक्के होते. हा फरक फार मोठा नसला, तरी जवळपास फुकट मिळणारी गोष्ट महागड्या उपचारांच्या तोडीस तोड किंवा किंचित सरस ठरते, ही बाब महत्त्वाची आहे.

दोन मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. यातील बहुतांश अभ्यास अमेरिकेतील आहेत. शिवाय हे निष्कर्ष डॉक्टर किंवा समुपदेशकाने हात धरून गटापर्यंत नेलेल्यांचे आहेत; नुसता पत्ता लिहून दिल्याने तेवढा परिणाम होईल, असे मानता येत नाही.

ज्यांचे पिणे घातक झाले आहे, पण शरीर अजून पूर्ण अवलंबून नाही, त्यांच्यासाठी गोव्यातील एक प्रयोग जगभर वाखाणला गेला. ‘संगथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून मोजक्या बैठका घेतल्या. तीन महिन्यांनंतर ३६ टक्के पुरुषांचे पिणे सुरक्षित मर्यादेत आले होते; असे समुपदेशन न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा धडा असा की, मोठ्या इमारतीवाचूनही मदत उभी राहू शकते.

आधी डॉक्टर की आधी गट?

रोज पिणाऱ्याच्या बाबतीत आधी डॉक्टर. वर्षानुवर्षे दररोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एका झटक्यात दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांत थरकाप, घाम, उलट्या सुरू होतात; पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास आणि तीव्र अस्वस्थतेची अवस्था उद्भवू शकते. ही तातडीची वैद्यकीय स्थिती आहे. पूर्वी दारू बंद केल्यावर कधी फिट आली असेल, भास झाले असतील किंवा यकृताचा आजार असेल, तर रुग्णालयातच सुरुवात करावी. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हे उपचार मिळतात. ओढ कमी करणारी औषधेही उपलब्ध आहेत. गटात जाणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेण्यात काहीच गैर नाही. एखाद्या गटातील सदस्याने औषधे बंद करायला सांगितले, तर ते ऐकू नये.

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींचा मोह घरच्यांना पडतो. चहात किंवा भाजीत मिसळायच्या पुडीत डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. त्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या आणि रक्तदाब कोसळणे असे परिणाम होतात, क्वचित मृत्यूही ओढवतो. हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, तपासण्या करूनच द्यायचे असते.

जवळचा गट शोधायचा कसा?

पहिला मार्ग दूरध्वनीचा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ ही नि:शुल्क आहे. त्यावर समुपदेशन मिळते आणि जवळच्या अनुदानित केंद्राची माहितीही मिळते. उदासीनता, आत्महत्येचे विचार अशी जोड असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे, तिथे मराठीतही बोलता येते. ‘नशामुक्त भारत अभियान’ १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झाले आणि नंतर देशभर नेण्यात आले. जिल्हा पातळीवर समाजकल्याण कार्यालयाकडे त्याची माहिती असते.

दुसरा मार्ग थेट संघटनेचा. ‘एए’च्या भारतातील संकेतस्थळावर शहरवार बैठकांचे ठिकाण, वार, वेळ आणि भाषा दिलेली असते. यादी जुनी असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. पहिल्या दिवशी कोणी सोबत घेऊन जाईल का, असे त्याच फोनवर विचारता येते आणि बहुतेकदा कोणी तरी सदस्य येतो. एकट्याने दारापर्यंत जाऊन परत फिरणारे अनेक असतात. सोबत असली तर आत पाऊल पडते.

तिसरा मार्ग रुग्णालयाचा. मानसोपचार विभागातील वैद्यकीय सामाजिक कार्यकर्त्याला गावाजवळचे गट, माजी रुग्णांच्या पाठपुरावा बैठका ठाऊक असतात. केंद्रातून सुटी घेतानाच ‘पुढच्या आठवड्यात मी कोणत्या दिवशी, कुठे आणि कोणाला भेटणार?’ या प्रश्नाचे उत्तर लिहून घ्यावे.

गट निवडताना काही साध्या गोष्टी पाहाव्यात. कामावरून सुटल्यावर पोहोचता येईल असे अंतर आहे का? परतीची शेवटची एसटी किंवा लोकल मिळते का? भाषा आपली आहे का? वाटेत नेहमीचा बार लागत असेल तर दुसरा रस्ता आहे का? लांबच्या उत्तम गटापेक्षा जवळचा बरा गट अधिक टिकतो. एका बैठकीवरून मत बनवू नये. निदान पाच-सहा बैठका, शक्य तर दोन-तीन वेगवेगळ्या गटांत, बसून पाहाव्यात. सुरुवातीच्या तीन महिन्यांत जवळजवळ रोज बैठकीला जावे, असा जुन्या सदस्यांचा आग्रह असतो, कारण घसरण्याचा धोका त्याच काळात सर्वाधिक असतो.

देव न मानणाऱ्यांचे आणि स्त्रियांचे काय?

बारा पायऱ्यांत ‘आपल्याहून मोठ्या शक्ती’चा उल्लेख वारंवार येतो आणि त्यामुळे अनेक जण बिचकतात. ती शक्ती म्हणजे देवच, असा गटाचा आग्रह नसतो. कित्येक सदस्य गटालाच ती शक्ती मानतात. तरीही मन रमत नसेल, तर केंद्रांचे पाठपुरावा गट किंवा रुग्णालयातील गट-समुपदेशन हे पर्याय आहेत. परदेशात १९९४ पासून ‘स्मार्ट रिकव्हरी’सारखे, पूर्णपणे वर्तनशास्त्रावर आधारलेले गटही काम करतात आणि त्यांच्या ऑनलाइन बैठकांना कुठूनही बसता येते.

स्त्रियांची अडचण वेगळी आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणात पुरुषांत मद्यपानाचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आढळले. प्रमाण कमी असल्यामुळे स्त्रियांसाठी सोयीही कमी आणि कलंक कैकपट अधिक. वीस पुरुषांच्या वर्तुळात एकट्या स्त्रीने मन मोकळे करणे सोपे नसते. मोठ्या शहरांत फक्त स्त्रियांच्या बैठका होतात, ‘मुक्तांगण’ने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग चालवला आहे. करोनाकाळापासून रुळलेल्या ऑनलाइन बैठकांनी घराबाहेर पडू न शकणाऱ्या अनेकींना वाट दिली आहे.

कुटुंबीयांसाठी गट असतो का?

असतो, आणि पिणारा तयार नसला तरी घरच्यांना तिथे जाता येते. ‘अल-अनॉन’ ही मद्यपींच्या कुटुंबीयांची संघटना १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिचे गट मुंबईसह अन्य शहरांत आहेत. ‘मुक्तांगण’मध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. बाटल्या लपवणे, कार्यालयात आजारपणाचे खोटे कारण सांगणे, उधारी भागवणे, यांतून व्यसन नकळत पोसले जाते, हे बायकोला किंवा आईला कोणी तरी समजुतीने सांगावे लागते. त्याच वेळी नवऱ्याच्या दारूचा दोष तिचा नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगावे लागते. घरात मारहाण होत असेल तर मात्र गटाची वाट पाहू नये. पोलीस आणि कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील संरक्षण अधिकारी यांची मदत आधी घ्यावी.

सावध कुठे राहावे?

आधारगट आणि निवासी केंद्र यांतील फरक लक्षात ठेवावा. गट कोणालाही कोंडत नाही, पैसे मागत नाही आणि कोणत्याही दिवशी उठून जाता येते. माणसाला दाखल करून घेणाऱ्या केंद्राला मात्र कायदा लागू होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. साखळीने बांधणे, सक्तीने डोके भादरणे, अमानुष वागणूक देणे यांना कायद्याने मनाई आहे. रुग्ण स्वेच्छेने दाखल झाला असेल तर साधारणपणे त्याला स्वेच्छेने बाहेर पडता येते. संमतीविना दाखल करण्यासाठी ठरावीक निकष, वैद्यकीय तपासणी आणि मुदत आहे.

घरात शिरून माणसाला उचलून नेणारे, महिनाभर भेट आणि फोन दोन्ही नाकारणारे, डॉक्टरचे नाव सांगू न शकणारे, ‘शंभर टक्के हमी’ देणारे केंद्र दिसले तर तिथून माघारी फिरावे. गटातही काही खुणा ओळखाव्यात. कोणी उसने पैसे मागणे, एखाद्या विशिष्ट केंद्रात भरती होण्यासाठी गळ घालणे, नव्याने आलेल्या स्त्रीशी सलगी करणे, बाहेर नावे फोडणे, असे प्रकार दिसले तर गट बदलावा. एक गट वाईट निघाला म्हणून गटाची वाटच सोडू नये.

गावात गटच नसेल तर?

राज्यातील बहुतांश ठिकाणचे वास्तव हेच आहे. मुंबई, पुणे, गोवा येथे पर्याय आहेत; पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी ते विरळ होत जातात आणि बऱ्याच तालुक्यांत शून्यावर येतात. गडचिरोलीत २०१६ पासून ‘सर्च’ संस्था आणि शासनाच्या सहभागाने चाललेल्या ‘मुक्तिपथ’ उपक्रमाने तालुक्यांत क्लिनिक आणि गावांत उपचार शिबिरे नेऊन वेगळा मार्ग दाखवला. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातही पिणाऱ्यांना उपचारांची गरज उरतेच, हे त्यातून दिसले. इतरत्र प्राथमिक आरोग्य केंद्र, आशा सेविका आणि ग्रामपंचायतीचे सभागृह या तीन गोष्टी आधीच उपलब्ध आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ ते सभागृह मिळणे आणि जिल्हा रुग्णालयाच्या समुपदेशकाने महिन्यातून एकदा येणे, एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते. मद्यातून येणाऱ्या महसुलाच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे.

तोवर मोबाइलवरची बैठक आणि महिन्यातून एकदा शहरातील प्रत्यक्ष बैठक, असा मधला मार्ग अनेक जण काढतात. ‘एए’च्या परंपरेनुसार गट होण्यासाठी दोन-तीन माणसे पुरतात. अ‍ॅक्रनमध्येही पहिल्या दिवशी दोघेच होते. ज्या गावात एक माणूस सहा महिने कोरडा राहिला आहे आणि दुसऱ्याला आजपासून राहायचे आहे, त्या गावात गटासाठी लागणारी माणसे हजर आहेत. त्यांना बसायला एक खोली आणि ठरलेला वार हवा.